तुम्ही कधी आलात? : मुंबईतल्या भाड्याच्या घराची गोष्ट

"अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट, तीन महिन्यांचं डिपॉझिट, एक महिन्याचं ब्रोकरेज. पोलीस व्हेरिफिकेशन, सोसायटीची एनओसी. फॅमिली आहे ना? कुठले तुम्ही? नॉनव्हेज?"

मुंबईत भाड्यानं घर शोधलेल्या माणसाला ही आरती तोंडपाठ असते. एजंट बदलतो, एरिया बदलतो, डिपॉझिटचा आकडा बदलतो, पण चाल तीच. आपण मान डोलावतो, चेक फाडतो आणि सामान हलवतो. अकराच महिने का, बारा का नाहीत? डिपॉझिट एवढं का? शहरात इतकी घरं कुलूप लावून पडलेली असताना मालकाला भाडेकरूची एवढी धास्ती का? हे विचारायची सवड कुणाला असते?

आमच्या धंद्यात याला लीगसी कोड म्हणतात. एखादा जुना प्रोग्रॅम हातात येतो. त्यात मध्येच कुणीतरी एक तारीख थेट लिहून ठेवलेली असते. का, ते कुठेच लिहिलेलं नसतं. लिहिणारा केव्हाच कंपनी सोडून गेलेला. ती ओळ काढायची कुणाची हिंमत होत नाही, म्हणून प्रत्येक जण तिच्यावर एक पॅच मारतो आणि पुढे जातो. मुंबईचे भाड्याचे कायदे वाचताना मला सतत तेच आठवत होतं. या कोडमध्ये तारखाच तारखा आहेत : १ सप्टेंबर १९४०, २१ मे १९५९, ३० सप्टेंबर १९६९, १ फेब्रुवारी १९७३. आणि या सगळ्या तारखा मिळून माणसाला एकच प्रश्न विचारतात : तुम्ही कधी आलात?

विशीत शहरात येणाऱ्याला हा प्रश्न फारसा बोचत नाही. तिघाचौघांत एक फ्लॅट, जमिनीवर गाद्या, डबा बाहेरून. पण पंचेचाळिशीत येणाऱ्याबरोबर ट्रकमध्ये कपाट असतं, देव्हारा असतो, मुलीची दहावी असते आणि आईचे गुडघे असतात. त्याला हा प्रश्न फार महागात पडतो. तो का, याची ही गोष्ट.

*

सुरुवात कायद्याच्या आधीपासून करू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरण्यांनी मुंबईत माणसं ओढून आणली. ती बहुतेक तरुण आणि एकटी यायची. घर कोण शोधणार? घर शोधायचं नसायचंच, गाववाला शोधायचा. कोकणातल्या, घाटावरच्या गावांच्या गिरणगावात खोल्या असत. एका खोलीत पाळीनं झोपायचं आणि जेवायला खानावळ. गोव्याहून येणाऱ्या खलाशांसाठी धोबीतलाव, माझगाव भागात गावागावांचे 'कूड' होते. बोट मिळेपर्यंत आपल्या गावच्या कुडात वळकटी टाकायची.

ही व्यवस्था तशी भक्कम होती. डिपॉझिट नाही, ब्रोकर नाही. ओळख हेच भांडवल. पण तिच्या पोटात दोन गोष्टी गृहीत होत्या. एक म्हणजे येणारा माणूस एकटा असणार. बायकोमुलं गावी, आणि हातपाय थकले की तोही बहुधा गावी. म्हणजे चाळिशी-पन्नाशी हे मुंबईत यायचं नाही, मुंबईतून जायचं वय! दुसरी गोष्ट म्हणजे येणारा 'आपल्यातला' असणार. जो कुणाच्याच 'आपल्यात' बसत नाही, त्याचं काय?

याचं उत्तर मुंबईहून एका रात्रीच्या प्रवासावर असलेल्या बडोद्यात मिळतं. डॉ. आंबेडकरांचं कुटुंब १९१२ पासून परळच्या बीआयटी चाळीत राहत होतं. कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकून आलेले आंबेडकर १९१७ मध्ये बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला गेले. वय २६. नोकरी तयार, पगार तयार, घर मात्र नाही. हिंदू हॉटेलात प्रवेश नाही म्हणून ते पारशी नाव घेऊन एका पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला पारशांचा जमाव दारात आला आणि त्यांना बाहेर पडावं लागलं. दोन मित्रांना विचारलं, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही आपापल्या परीनं टाळलं. संध्याकाळची गाडी येईपर्यंत ते पाच तास कामाठी बागेत बसून होते. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात त्यांनी हे सगळं लिहून ठेवलंय. खिशात परदेशी पदव्या असलेल्या माणसाला शहर नोकरी देतं आणि खोली नाकारतं. "कुठले तुम्ही?" हा प्रश्न किती जुना आहे ते यावरून लक्षात येईल.

'आपल्यातलं' घर हा प्रकार नंतर रीतसर नोंदवलासुद्धा गेला. कारवार-कानडा भागातून मुंबईत आलेल्या सारस्वतांनी १९१५ मध्ये गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी काढली. त्यामागे श्रीपाद सुब्राव तालमकी होते. ही आशियातली पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था मानली जाते. घर मिळत नाही म्हणून दहा जणांनी एकत्र येऊन घर बांधायचं, ही कल्पना फारच सुंदर होती, आणि आजच्या प्रत्येक 'सीएचएस लिमिटेड'ची ती आजी आहे. पण ज्ञातीची भिंतही तिच्याबरोबरच आली. अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं 'सभासद फक्त पारशीच' हा पोटनियम ग्राह्य धरला. 'आपल्यातल्यांनाच' हा नियम असा न्यायालयातही टिकला.

*

आता सरकार या गोष्टीत कधी शिरलं ते बघू. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग सापडला. साहेबाला पहिल्यांदाच जाणवलं की चाळीतला अंधार आपल्या बंगल्यापर्यंत पोचू शकतो. १८९८ मध्ये बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, म्हणजे आपली 'बीआयटी', स्थापन झाली. ट्रस्टनं रुंद रस्ते काढले, दाट वस्त्या पाडल्या, दादर-माटुंगा आखले. चाळीही बांधल्या, पण सुरुवातीच्या वर्षांत जेवढ्या खोल्या पाडल्या तेवढ्या बांधून झाल्या नाहीत.

मग पहिलं महायुद्ध आलं. बांधकाम थंडावलं, भाडी भडकली आणि १९१८ मध्ये मुंबईत भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा झाला. युद्धापुरता, तात्पुरता. 'तात्पुरता' हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं. तीच आपली बीडीडी. बेत ५०,००० खोल्यांचा होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी झाल्या. सुमारे १६,००० खोल्या, प्रत्येकी १६० चौरस फूट. सिमेंट काँक्रीटच्या त्या कोरड्या पेट्यांना तेव्हा बरीच नावं ठेवली गेली. पण एक गोष्ट मान्य करावी लागेल. सरकारनं नव्यानं येणाऱ्या माणसासाठी, विकायला नाही तर भाड्यानं द्यायला, एवढ्या मोठ्या प्रमाणावर खोल्या बांधल्या होत्या.

*

आता येऊ त्या हार्डकोडेड तारखेकडे.

दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि पुन्हा तेच : माणसं येतायत, बांधकाम बंद, भाडी वर. १९४१ मध्ये मुंबई बेटाची लोकसंख्या १५ लाखांच्या आसपास होती, ती १९५१ पर्यंत २३ लाखांवर गेली. युद्धकाळात भाडं बांधणारे दोन कायदे झाले आणि शेवटी १९४७ चा बॉम्बे रेंट ॲक्ट आला. लागू झाला १३ फेब्रुवारी १९४८ पासून. गाभा सोपा होता. १ सप्टेंबर १९४० रोजी त्या जागेचं जे भाडं असेल ते 'स्टँडर्ड रेंट'. त्यापेक्षा जास्त घ्यायचं नाही. भाडेकरू भाडं देत असेल तर ठरावीक कारणांशिवाय त्याला काढायचं नाही.

हा कायदा वाईट होता असं मला मुळीच म्हणायचं नाही. फाळणीनंतरचे दिवस आठवा. सिंधहून आलेली जवळजवळ एक लाख माणसं कल्याणजवळच्या लष्करी छावणीत राहत होती. त्याच छावणीचं १९४९ मध्ये उल्हासनगर झालं. त्यातली कितीतरी माणसं चाळिशी-पन्नाशीची होती, मागे स्वतःची घरं सोडून आलेली. अशा काळात मालकांना मोकळं रान दिलं असतं तर गिरणगाव रातोरात रस्त्यावर आलं असतं. लालबाग-परळच्या दोन-तीन पिढ्या या कायद्यामुळे शहरात टिकल्या.

पण हाही कायदा 'तात्पुरता' होता. मुदत संपायची, विधिमंडळ मुदतवाढ द्यायचं. पन्नास वर्षं! आणि आतली तारीख तीच. १९६५ मध्ये भाडं १९४० चं, १९८५ मध्येही भाडं १९४० चं.

परिणाम कळायला अर्थशास्त्राची पदवी नको. सिनेमाच्या तिकिटाएवढं भाडं आलं तर मालक छप्पर कशाला शाकारेल? पावसाळा आला की इमारती कोसळायच्या. मग १९६९ मध्ये इमारत दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला. भाडेकरूंकडून सेस घ्यायचा आणि दुरुस्ती सरकारनं करायची. दक्षिण आणि मध्य मुंबईतल्या सुमारे १९,००० इमारती त्यात आल्या. इथली कट-ऑफ ३० सप्टेंबर १९६९. आणि सेससाठी इमारतींचे जे गट पाडले, त्यातला 'ए' गट म्हणजे कधीच्या इमारती? १ सप्टेंबर १९४० च्या आधीच्या. एका फाइलमधली तारीख कॉपी-पेस्ट होऊन दुसऱ्या फाइलमध्ये!

दुसरा परिणाम म्हणजे पागडी. ज्या खोलीचं खरं भाडं शंभर आणि कायदेशीर भाडं दहा, त्या खोलीचा ताबा हीच मालमत्ता झाली. जाणारा भाडेकरू येणाऱ्याकडून रोख रक्कम घेई आणि त्यातला वाटा मालकाला देई. कायद्यानं हा गुन्हा होता. पण खोली तशीच मिळायची. म्हणजे १९४७ च्या कायद्यानं भाडं स्वस्त केलं ते आत असलेल्याला. बाहेरून येणाऱ्याला त्या स्वस्त भाड्यापर्यंत पोचायलाच आधी पागडी मोजावी लागे, तीही पावतीशिवाय.

*

याच काळात मुंबईत मध्यमवयीन माणसांची एक लाट आली, जिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

१ नोव्हेंबर १९५६. राज्य पुनर्रचना. तोवर मध्य प्रदेशाची राजधानी असलेलं नागपूर एका रात्रीत राजधानी राहिलं नाही. विदर्भ मुंबई राज्यात आला, तसाच हैदराबाद राज्यातला मराठवाडाही. नागपूरच्या सचिवालयातल्या अनेक अधिकाऱ्यांना, कारकुनांना मुंबई राज्याच्या सेवेत वर्ग करण्यात आलं. त्यातली बरीच मंडळी संसारी, मुलं शाळेत असलेली. नागपूरच्या ऐसपैस घरातून निघायचं आणि चौरस फुटात जागा मोजणाऱ्या शहरात उतरायचं.

आणि या माणसांच्या ओळखीचे नियमही इथे नव्हते. नागपूरकडे १९४९ चा वेगळा भाडेनियंत्रण आदेश चालायचा. घर रिकामं झालं की मालकानं कलेक्टरला कळवायचं आणि कलेक्टर ते सरकारी नोकराला देऊ शकायचा. मराठवाड्यात हैदराबादचा १९५४ चा कायदा. पश्चिम महाराष्ट्रात बॉम्बे रेंट ॲक्ट. १९६० मध्ये महाराष्ट्र झाला तरी हे तिन्ही कायदे आपापल्या प्रदेशात तसेच राहिले. ते थेट २००० पर्यंत! एका राज्यात भाडेकरूचे तीन प्रकार, तुम्ही कुठल्या जिल्ह्यात राहता यावर ठरणारे.

मुंबईत सरकारकडे एक हुकमी पत्ता होता : १९४८ चा जमीन अधिग्रहण कायदा, ज्याला सगळे 'रिक्विझिशन' म्हणायचे. रिकामी जागा सरकार ताब्यात घेऊन बेघरांना किंवा सरकारी नोकरांना देऊ शकायचं. त्यातून काहींची सोय झाली. पुढे बांद्रा पूर्वेला मोठी सरकारी वसाहत उभी राहिली. पण मालकांनी यातून धडा काय घेतला? घर रिकामं आहे हे कुणाला कळू द्यायचं नाही. तात्पुरत्या म्हणून घेतलेल्या जागा दशकानुदशकं सरकारकडेच राहिल्या, आणि अधिग्रहण असं अनंत काळ चालू शकत नाही हे सर्वोच्च न्यायालयाला १९९४ मध्ये सांगावं लागलं.

*

पागडी देण्याची ऐपत नसलेला नवा माणूस काय करायचा? पोटभाडेकरू व्हायचा. म्हणजे भाडेकरूचा भाडेकरू. पडदा लावून अर्धी खोली, किंवा नुसती बाल्कनी. हे बेकायदेशीर असल्यानं त्याला कधीही काढता यायचं. मग १९५९ मध्ये सरकारनं वटहुकूम काढला : २१ मे १९५९ पर्यंत जे पोटभाडेकरू राहत असतील ते कायदेशीर. पॅच नंबर एक. २२ मेला आलेल्यानं काय करायचं, ते त्याचं तो बघेल.

त्यावर मालकांनी आणि वकिलांनी शोधून काढलेली पळवाट म्हणजे 'लिव्ह अँड लायसन्स'. हा भाडेकरू नाहीच, याला फक्त वापरायची परवानगी दिली आहे. जसा लॉजमधला गिऱ्हाईक. म्हणजे रेंट ॲक्ट लागू नाही. साठच्या दशकात असे 'लायसन्सी' भरपूर झाले. मग १९७३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली : १ फेब्रुवारी १९७३ रोजी लायसन्सवर राहणारे सगळे आजपासून भाडेकरू समजावेत. पॅच नंबर दोन.

माझ्या मते मुंबईच्या घरभाड्याच्या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा दिवस हाच. त्या दिवशी आत असलेल्यांचं कल्याण झालं. हजारो कुटुंबांना छप्पर मिळालं, आणि ती काही श्रीमंत माणसं नव्हती. पण मालकांना कळायचं ते कळलं. कागदावर काहीही लिहून घ्या, सरकार एक दिवस एक तारीख काढेल आणि घर जाईल. तिथून पुढची पंचवीस वर्षं फ्लॅट कुलूप लावून ठेवणं हा अनेकांना शहाणपणा वाटू लागला.

द्यायचंच झालं तर कुणाला? 'ओन्ली बँक ऑर कंपनी लीज'. करार कंपनीच्या नावानं व्हायचा, माणूस बदलीनंतर जायचा. म्हणजे पंचेचाळिशीत बदली होऊन आलेल्या बँक ऑफिसरला बँकेच्या पुण्याईवर घर मिळायचं. स्वतःच्या नावावर तोच माणूस मालकाच्या दारात उभाही राहू शकत नव्हता. दुसरा प्रकार 'हेवी डिपॉझिट'. भाडं कागदावर किरकोळ, पण बिनव्याजी ठेव एवढी मोठी की तिच्या व्याजातच मालकाचं भाडं निघावं. भाडं वाढवता येत नव्हतं म्हणून लोकांनी डिपॉझिट वाढवलं. आज मुंबईत डिपॉझिटचा आकडा ऐकून डोळे पांढरे होतात, त्यातली थोडी करामत १९४० च्या त्या तारखेची आहे.

पुण्यातही हाच कायदा होता. १९८८ चा 'अशी ही बनवाबनवी' आपण सगळ्यांनी इतक्या वेळा पाहिलाय की त्याचा विषय काय हेच विसरून जातो. चार तरुणांना पुण्यात भाड्यानं खोली हवी आहे आणि ती फक्त जोडप्यांना मिळते. मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या 'बीवी और मकान'ची. बावीस वर्षांनी त्याच अडचणीवर पुन्हा सिनेमा निघतो आणि प्रेक्षक पोट धरून हसतात. हसतात, कारण अडचण प्रत्येकाच्या ओळखीची.

*

शेवटी डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सांगितलं की १९४० वर गोठवलेलं भाडं आता तर्काला धरून नाही. कायद्याची मुदत ३१ मार्च १९९८ ला संपणारच होती, म्हणून कोर्टानं तो थेट रद्द केला नाही, पण नवा कायदा करा असा इशारा दिला. त्यातून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ आला, ३१ मार्च २००० पासून लागू. विदर्भ, मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्राचे तीन कायदे एक झाले. जुन्या भाडेकरूंचं संरक्षण राहिलं, भाडं वर्षाला चार टक्के वाढवायची मुभा मिळाली. पागडी कायदेशीर झाली! मोठ्या कंपन्या आणि बँकांना संरक्षणातून वगळलं. आणि लायसन्सवर दिलेलं घर मुदत संपताच परत मिळेल, याची मालकाला हमी मिळाली. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची, न केल्यास शिक्षेची तरतूदही आहे.

मग ते अकरा महिने? त्याचं मूळ आणखी जुनं. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. ती टाळायला लोक अकरा महिने लिहू लागले. पण १९९९ च्या कायद्यानंतर महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी कितीही महिन्यांसाठी सक्तीचीच आहे. अकराची असो की छत्तीसची. म्हणजे ज्या कारणासाठी अकरा महिने लिहायचे, ते कारणच इथे उरलेलं नाही. आकडा मात्र उरलाय. ती ओळ काढायची कुणाची हिंमत होत नाही, म्हटलं ना!

२००० नंतर कुलूपबंद घरांची दारं हळूहळू उघडली, हे खरंच. माझ्या वयाची आयटीतली पिढी पवई, ठाणे, हिंजवडी, बाणेरला भाड्यानं राहू शकली ती या बदलामुळे. पण सौदा काय झाला ते बघा. १९४७ चा कायदा म्हणत होता : आत आलात तर तुम्हाला कुणी हलवणार नाही, पण आत येणं कठीण. २००० चा कायदा म्हणतो : आत या, पण बसू नका.

*

'बसू नका'चा अर्थ मला माझ्या मामाकडे बघून कळला. मामा नागपूरचा. त्याच्या कंपनीनं तिथलं युनिट बंद केलं आणि त्याला सत्तेचाळिसाव्या वर्षी ऐरोलीत नोकरी घ्यावी लागली. मी त्याच्याबरोबर चार शनिवार-रविवार घरं बघत फिरलो. एका एजंटनं मामीला नोकरी आहे का विचारलं, आणि 'हो' म्हटल्यावर 'मग घर बंद राहणार, बरं' म्हणाला. दुसरीकडे आजी बरोबर राहणार म्हटल्यावर मालकाचा चेहरा उतरला. आजारी माणूस असलं की घर सोडायला सांगणं जड जातं, असं एजंटनं नंतर जिन्यात सांगितलं. तिसऱ्या ठिकाणी घर आवडलं, पण अकरा महिन्यांनी मालकाचा मुलगा परत येण्याची शक्यता. मामाच्या मुलीची दहावी बरोबर त्याच्या मध्यात येत होती.

"मग विकतच घे ना," असं घरातल्या सगळ्यांनी सांगून झालं. इथेच वयाचं गणित येतं. गृहकर्जाचे हप्ते सर्वसाधारणपणे निवृत्तीच्या आत संपावे लागतात. सत्तावीस वर्षांच्या मला वीस-पंचवीस वर्षांचं कर्ज सहज मिळेल. मामाच्या हातात तेरा वर्षं. तेवढंच कर्ज, पण हप्ता कितीतरी मोठा. त्याच पगारात मी घेऊ शकेन ते घर तो घेऊ शकत नाही. नागपूरचं घर विकलं तरी इथे फार तर एक खोली आणि पार्किंग. म्हणजे भाड्याचं घर माझ्यासाठी मधला थांबा आहे, आणि त्याच्यासाठी निवृत्तीपर्यंतचा मुक्काम. पण करार दोघांना एकच : अकरा महिने.

१९५६ मध्ये नागपूरहून आलेल्या कारकुनाला निदान सरकारच्या यादीत नाव लावता येत होतं. १९८५ मध्ये आलेल्या बँक ऑफिसरला बँकेची लीज होती. मामाला ॲप आहे. त्यात 'फॅमिली' आणि 'बॅचलर' असे दोन फिल्टर आहेत. 'दहावी होईपर्यंत उठवू नका' असा नाही.

*

२०१७-१८ च्या केंद्रीय आर्थिक पाहणी अहवालातले दोन आकडे आहेत. भारताच्या शहरांमध्ये भाड्याच्या घरांचं प्रमाण १९६१ मध्ये ५४ टक्के होतं, ते २०११ मध्ये २८ टक्क्यांवर आलं. आणि २०११ च्या जनगणनेत एकट्या मुंबईत सुमारे ४.८ लाख घरं रिकामी होती. याचं सगळं खापर रेंट ॲक्टवर फोडता येणार नाही. कर्जं मिळू लागली, घर ही गुंतवणूक झाली, मालकीच्या घराची प्रतिष्ठा वाढली. पण भाड्यानं देणं म्हणजे घर गमावणं, ही भीती या शहराच्या हाडात भिनलेली आहे, आणि ती १९७३ पासूनची आहे. केंद्रानं जून २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मंजूर केला, त्यात राहत्या घरासाठी डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरतंच. पण तो स्वीकारायचा की नाही हे राज्यांवर सोडलेलं आहे.

मालकाला घर परत मिळण्याची खात्री हवी, हे १९९९ नं मान्य केलं. भाडेकरूला काही वर्षं तरी न हलण्याची खात्री हवी, हे अजून कुणी लिहिलेलं नाही. तीन वर्षांचा करार, भाडेवाढ आधीच ठरलेली, मधेच उठवायचं नाही, मुदत संपली की घर परत. असा करार आजही करता येतो, कायदा आड येत नाही. आड येते ती सवय. म्हणून घर शोधताना एकदा तरी छत्तीस महिन्यांचं विचारून बघा. दहातले नऊ मालक नाही म्हणतील. दहाव्याला कदाचित दर वर्षी नवा भाडेकरू शोधायचा आणि नवं ब्रोकरेज भरायचा कंटाळा आला असेल.

आणि सरकार? ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या पहिल्या साडेपाचशेहून जास्त भाडेकरूंना नव्या इमारतींतल्या ५०० चौरस फुटांच्या, मालकी हक्काच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. शंभर वर्षं १६० फुटांत काढलेल्या कुटुंबांना ते मिळायलाच हवं होतं. पण त्याबरोबर शहरातली तेवढी भाड्याची घरं कमी झाली. २००८ मध्ये एमएमआरडीएनं खास भाड्याच्या घरांची योजना आणली होती. त्या घरांचा आकार होता १६० चौरस फूट, बीडीडीच्या खोलीएवढाच. पुढे त्यातली बरीच घरं गिरणी कामगारांना मालकीनं द्यायचं ठरलं. त्यांचाही हक्क होताच, ते आधीपासून रांगेत होते.

या शहरात प्रत्येक वेळी आधीच्या रांगेतल्या कुणाचा तरी खरा हक्क असतोच. म्हणून आज ट्रकमधून कपाट आणि देव्हारा उतरवून घेणाऱ्या माणसापर्यंत विषय कधी पोचतच नाही. तो कालच आलाय.